रबरी नळीचं व्यायामाचं साधन स्वतः बनवताना: पहिल्या मापापासून फिजिओच्या होकारापर्यंत

बाबांचा गुडघा बदलल्यावर काही आठवड्यांनी फिजिओ मॅडम म्हणाल्या की आता पाय नुसता उचलून सरळ करणं पुरेसं नाही, थोडा विरोध हवा, म्हणजे घोट्याला मागे ओढणारं काहीतरी हवं आणि त्याच्याविरुद्ध बाबांनी गुडघा सरळ करायचा. मी दुकानातून हँडलवाली रबरी नळी आणली, खिडकीच्या गजाला गाठ मारून बांधली आणि बाबांना द्यायच्या आधी स्वतः ओढून बघितली. पाचव्या की सहाव्या ओढीला ती गाठीपाशी तुटली आणि तुटकं टोक सटकन येऊन चष्म्यावर बसलं, डाव्या काचेला तडा गेला. गजाचा रंग उडून तिथे गंजाची धार आली होती, तिने नळीला आधीच बारीक चीर पाडली होती. बाबा व्यायाम करताना चष्मा काढून ठेवतात. हे मनात आलं आणि त्या रात्री झोप लागली नाही.

मी भोसरीत जिग-फिक्स्चरच्या कामात आहे, म्हणजे यंत्रावर पार्ट जागेवर पकडून ठेवणारी साधनं. तिथे कुठलंही ड्रॉइंग हातात आलं की आधी विचारतात, क्लॅम्प सुटला तर पार्ट कुठे उडेल? व्यायामाच्या साधनालाही हाच प्रश्न पहिला विचारायचा, सुटलं किंवा तुटलं तर काय होईल, आणि दुसरा लगेच, आत्ता ते किती किलोने ओढतंय हे मला माहीत आहे का? दोन्हीची उत्तरं नसतील तर ते साधन आजारी माणसाच्या हातात द्यायचं नाही. खाली सगळं पायऱ्यांनी लिहितोय, बाबांच्या गुडघ्याचंच उदाहरण धरून, कारण ते मी मापून-तपासून केलंय. खांद्याला, मनगटाला पद्धत तीच, आकडे वेगळे.

पायरी १: आधी माणूस, मग साधन

नवीन माणूस पहिल्यांदा म्हणतो की असं काहीतरी बनवू जे सगळ्यांना, सगळ्या सांध्यांना चालेल. नका करू. एक माणूस, एक सांधा, एक हालचाल एवढंच एका कागदावर लिहा. माझ्या कागदावर होतं: वय ६८, उजवा गुडघा, खुर्चीत बसून, ९० अंशात वाकलेल्या पायापासून सरळपर्यंत, शेवटचे १०-१५ अंश स्वतःच्या ताकदीने होत नाहीत, कंबर दुखते म्हणून खाली वाकून घोट्याला काही बांधता येत नाही, दुपारी घरात एकटे असतात. ही शेवटची दोन वाक्यं सगळ्यात कामाची ठरली, कारण त्यावरून कळलं की पट्टा बसल्या जागी, पाय छोट्या स्टुलावर ठेवून लावता आला पाहिजे आणि एका हाताने सुटला पाहिजे.

मग तो कागद घेऊन फिजिओकडे जा आणि विचारा: विरोध द्यायचा का, कुठल्या कोनापासून कुठपर्यंत, किती दुखलं तर चालेल, कधी थांबायचं. हे तुम्ही किंवा मी ठरवायचं नाही. हाड जुळलेलं नसेल, टाके ओले असतील, बीपी किंवा हृदयाचा त्रास आटोक्यात नसेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय विरोधाचा व्यायाम नाही. आणि ऑपरेशननंतर पोटरी एकदम सुजली, गरम-लाल झाली, दुखायला लागली तर व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा, ती रक्ताची गुठळी असू शकते.

पायरी २: विरोध कशाने द्यायचा

आपल्याकडे तालमीत ही साधनं कधीपासून आहेत. घोरलेझीम बघा, जाड लोखंडी साखळीचं धनुष्यच ते. मुद्गल बघा, वजन तेवढंच पण हात जसा फिरेल तसा खांद्यावरचा भार बदलत जातो. विरोध द्यायचे मार्ग मोजकेच आहेत: वजन, स्प्रिंग, रबर, घर्षण किंवा तेल-हवेचा सिलिंडर, फिरतं जड चाक आणि मोटर.

वजन सगळ्यात प्रामाणिक, दोन किलो म्हणजे दोन किलो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यातले डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी गुडघा-मांडी जायबंदी झालेल्या सैनिकांना पायात लोखंडी बूट घालून, त्याला वजनाच्या चकत्या लावून व्यायाम दिला आणि १९४५ मध्ये त्यावर लिहिलं. आज जिममध्ये आपण जे दहा-दहाचे तीन सेट करतो ती पद्धत त्यांच्याच कामातून रुळली. पण वजन पिशवीत घालून गावाला नेता येत नाही, आणि पाय नुसता लोंबकळत असतानाही ते सांध्याला खाली खेचत राहतं.

घर्षणवाली आणि सिलिंडरवाली साधनं एका बाबतीत फार चांगली, माणूस थांबला की विरोध संपला, परत ओढत नाहीत. म्हणूनच त्यांच्यात एक उणीवही राहते. खुर्चीत हळूच बसायला, जिना उतरायला मांडीचा स्नायू लांब होता होता भार सांभाळतो, तो सराव यात होत नाही. रबर आणि स्प्रिंग परत ओढतात, त्यामुळे तो सराव मिळतो, पण साठवलेली ताकद एका क्षणात सुटायची भीतीही त्यातच आहे.

रबराच्या मर्यादा अंतराळातसुद्धा आडव्या आल्या. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर आधी रबरी चकत्यांचं साधन होतं, ते जास्तीत जास्त सुमारे १३६ किलोचा भार द्यायचं आणि हाडं-स्नायू टिकवायला तो कमी पडत होता. २००८ मध्ये तिथे निर्वात सिलिंडरवालं नवं साधन गेलं, भार २७२ किलोपर्यंत, आणि खरं वजन उचलताना जो जडपणा जाणवतो तो यावा म्हणून त्यात छोटी फिरती चाकंही बसवलीत. आपल्याला दोन-तीन किलोचा ओढा हवाय, घडी घालून पिशवीत जायला हवं, खर्च कमी हवा, म्हणून नवख्याने रबरी नळीपासूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. मोटरच्या वाटेला पहिल्या साधनात जाऊच नका, सॉफ्टवेअरची एक चूक आणि मोटर माणसाचा पाय ओढतच राहील.

लेटेक्सची ॲलर्जी आहे का ते आत्ताच विचारा. फुगे फुगवताना ओठाला खाज येते का, रबरी हातमोज्यांनी हात लाल होतात का? हो असेल तर लेटेक्स नसलेली नळी घ्या.

पायरी ३: नळी मोजल्याशिवाय पुढे जायचं नाही

पिवळी हलकी, लाल त्याहून जड, मग हिरवी, निळी, काळी असे रंग पाठ असतात लोकांना, पण तो क्रम एका कंपनीचा आहे, थेराबँडचा. त्यांची लाल पट्टी दुप्पट लांब केली की साधारण १.७ किलोने ओढते. दुसऱ्या कंपनीची लाल अडीच किलोनेही ओढू शकते. रंगावर विश्वास ठेवून पेशंटला भार द्यायचा म्हणजे औषधाच्या बाटलीवरचं लेबल न वाचता चमचा भरण्यासारखं आहे.

सामान साधं लागतं. बॅग मोजायचा लटकता डिजिटल काटा, शिंप्याची टेप आणि पाणी. आधी काटा तपासा: २ लिटर आणि ५ लिटर पाणी भरलेला कॅन लटकवा, रिकाम्या कॅनचं वजन वजा करा, एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, काटा बरोबर दाखवतो का बघा. मग नवी नळी आधी १०-१५ वेळा जेवढी वापरणार तेवढी ओढून सैल करा, कारण नवं रबर पहिल्या काही ओढींना जास्त ताठ असतं आणि ते आकडे नंतर टिकत नाहीत. डोळ्यावर गॉगल लावा, तोंड नळीच्या रेषेत ठेवू नका, हे मोजतानाही.

माझी नळी दोन टोकांच्या मध्ये ४० सेंटिमीटर होती. ६० सेंमीपर्यंत ओढल्यावर काट्याने १.६ किलो दाखवले, ८० ला २.४, १०० ला ३.०, १२० ला ३.६. बघा, पहिल्या २० सेंमीत १.६ किलो वाढले आणि पुढच्या २० मध्ये फक्त ०.८. शाळेत शिकलेला हूकचा नियम, जेवढं ताणाल त्याच प्रमाणात ओढ वाढेल, तो स्प्रिंगला चांगला लागू पडतो, रबराला तसाच्या तसा नाही, म्हणून दोन आकडे मोजून बाकीचे अंदाजाने भरू नका, दर १० सेंमीला मोजा. आणि परत सोडताना सुद्धा मोजा, तेव्हा आकडे थोडे कमी येतात, रबर घेतलेली सगळी ताकद परत देत नाही.

अजून एक गोष्ट जी मला दोन दिवसांनी लक्षात आली: नळीला सेंटिमीटर कळत नाहीत, तिला कळतं की आपण मूळ लांबीच्या किती पट झालो. तीच नळी कापून २० सेंमी केली तर २.४ किलोचा ओढा ८० ऐवजी ४० सेंमीलाच येतो. म्हणजे घरात कोणी "जरा लांब होतेय" म्हणून गाठ मारून आखूड केली की भार वाढला, आणि कोणाला पत्ताही नाही. म्हणून लांबी बदलता येईल अशी सोयच ठेवू नका. हलकी, मध्यम, जड अशा तीन वेगळ्या नळ्या करा.

मोजताना सोडलं तर व्यायामात मूळ लांबीच्या अडीच पटीपुढे मी कधीच जात नाही. नळी त्याहून लांब होत असेल तर जास्त लांबीची नळी घ्या.

पायरी ४: कागद, दोरा, टाचणी

ही पायरी सगळे गाळतात आणि मला सगळ्यात मोलाची हीच वाटते. स्नायूला नळीचा ओढा जाणवत नाही, त्याला जाणवतो सांध्याभोवती फिरवणारा जोर. दार बिजागरीजवळ ढकललं तर जड लागतं, कडेला ढकललं तर हलकं, तेच हे. फिरवणारा जोर म्हणजे ओढा गुणिले सांध्यापासून नळीच्या रेषेपर्यंतचं काटकोनातलं अंतर.

आलेखाच्या कागदावर १ सेंमीला १० सेंमी धरा. गुडघा म्हणजे टाचणी. पुठ्ठ्याची ४ सेंमीची पट्टी म्हणजे गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचा पाय, खरा ४० सेंमी. नळी बांधायची जागा घोट्याच्या उंचीवर, ४० सेंमी मागे, खुर्चीच्या मागच्या पायापाशी. पट्टी फिरवत जा, तिच्या टोकापासून बांधायच्या जागेपर्यंत दोरा ताणा, दोऱ्याची लांबी मोजा आणि काटकोन्याने टाचणीपासून दोऱ्याचं अंतर मोजा.

पाय खाली लोंबता असताना नळी ४० सेंमी, म्हणजे सैल, ओढा शून्य. पाय अर्धा वर आला, ४५ अंश, की नळी ६९ सेंमी, ओढा साधारण २ किलो, अंतर सुमारे ३३ सेंमी, फिरवणारा जोर ६५ किलो-सेंमी. पाय पूर्ण सरळ झाला की नळी ८९ सेंमी, ओढा २.७ किलो, पण अंतर उरतं फक्त १८ सेंमी, त्यामुळे जोर ४८! नळी सगळ्यात जास्त ताणलेली आणि स्नायूवरचा भार मात्र मधल्यापेक्षा कमी. मी हे तीनदा मोजलं, कारण "रबर शेवटी सगळ्यात जड लागतं" असंच आजवर ऐकत आलो होतो.

आता घोट्याला २ किलोचा वजनाचा पट्टा लावला तर? लोंबत्या पायाला शून्य, मध्ये ५७, सरळ झाल्यावर ८०. अगदी उलट स्वभाव. आणि बाबांचा गुडघा नेमका शेवटीच कच्चा.

हे दोन्ही आलेख मी मॅडमना दाखवले. त्या बराच वेळ बघत बसल्या, मग म्हणाल्या, "शेवटी एकदम ८० नको, पण कमीही व्हायला नको, सारखा ठेवता येईल का?" मग घरी येऊन निम्म्या ओढ्याची बारीक नळी आणि जोडीला एक किलोचा पट्टा असं मांडून बघितलं: मध्ये ६१, शेवटी ६४. जवळजवळ सपाट. पायाचं स्वतःचं वजन यात धरलेलं नाही, नळी लावा की वजनाचा पट्टा, त्याचा भार तेवढाच असतो. फक्त दोन सेटच्या मध्ये पाय स्टुलावर टेकवायचा, म्हणजे ते एक किलो सांध्याला लोंबत राहत नाही.

खांद्यासाठी करत असाल तर हेच पुठ्ठ्याचा हात करून करा. बांधायची जागा एक वीतभर वर-खाली केली की सगळं बदलतं, हे नळी विकत घ्यायच्या आधी फुकटात कळतं.

पायरी ५: बांधणी, इथे घाई नको

बांधायच्या जागेपासून सुरू करू. खिडकीचा गज, गॅलरीचं ग्रिल, पलंगाचा पत्र्याचा पाय, काहीही धातूचं असेल तर नळी त्याला थेट लावायची नाही, मध्ये रुंद पट्टा हवाच. बसायचे व्यायाम असतील तर ज्या खुर्चीत माणूस बसलाय तिलाच बांधणं बरं, कारण ओढाओढ माणूस आणि खुर्ची यांच्यातच राहते, समोरच्या टेबलाला बांधलं तर टेबल सरकत येतं. पण प्लॅस्टिकची खुर्ची नको, तिचे पाय आत वाकतात आणि खाली निमुळते असल्याने पट्टा जागेवर राहत नाही. चाकांची तर नकोच. आमच्याकडे आजोबांच्या वेळची सागवानी खुर्ची आहे, मागच्या दोन पायांना जोडणारी आडवी पट्टी असलेली, ती भिंतीला टेकवून ठेवली.

हाताच्या व्यायामाला लोक दारात पट्टा अडकवतात. तेव्हा तुमच्या ओढण्याने दार बंदच होत राहील अशा बाजूला उभं राहा, पट्टा बिजागरीच्या बाजूला अडकवा, कडी लावा आणि पलीकडून कोणी दार उघडणार नाही हे घरच्यांना सांगून ठेवा. नातवंडं असतील तर विशेष.

पट्टा म्हणजे शाळेच्या दप्तराला असतो तसला पॉलिएस्टरचा, एक इंच रुंद. मी पुण्यात बोहरी आळीतून मीटरवर घेतला, तिथेच कड्या आणि हुकं मिळाली. कापलेली टोकं मेणबत्तीवर धरून वितळवा नाहीतर सुटत जातात. शिवण बॅगा शिवणाऱ्याकडून घ्या, घरच्या मशीनवर नको, आणि त्याला सांगा की चौकोन मारून आत फुली मार, बॅगेच्या बंदाला मारतोस तशी. हूक घेताना किल्ल्या अडकवायचं रंगीत नाजूक हूक घेऊ नका, स्टीलचं, ज्यावर भार कोरलेला असतो ते घ्या.

प्रत्येक कडी, प्रत्येक भोक, जिथे रबर लागणार तिथे कानशीने कड मोडा, मग बारीक पॉलिशपेपर मारा आणि शेवटी कापसाचा बोळा फिरवा. बोळ्याचा एक तंतू जरी अडकला तर रबरही तिथेच फाटणार. माझ्या पहिल्या कडीच्या आतल्या बाजूला जोडाचा टाका होता, डोळ्याला दिसत नव्हता, बोटाला लागत नव्हता, कापसाने पकडला.

नळीला गाठ नाही, कधीच नाही, गाठीत रबर एकाच जागी चिमटलं जातं आणि तिथेच जातं. टोकात आतून कडक प्लॅस्टिकची गोल गुल्ली घाला म्हणजे टोक फुगतं आणि पट्ट्याच्या अरुंद घरातून बाहेर येऊ शकत नाही. जुन्या हँडलवाल्या नळ्या उघडून बघा, चांगल्यांत अशीच गुल्ली असते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, खोळ. लेंग्याच्या नेफ्यात इलॅस्टिक कसं चुण्या पडून बसतं, तशी नळीवर जाड सुती कापडाची खोळ घालायची. नळी ४० सेंमी, खोळ ९५ सेंमी, चुण्या करून वर बसवलेली, दोन्ही टोकं पट्ट्याच्या कड्यांना पक्की. याने दोन कामं होतात. नळी ९५ च्या पुढे ताणलीच जात नाही, भार कापडावर येतो आणि माणसाला कळतं की इथे हद्द संपली. आणि नळी तुटली तर दोन्ही तुकडे खोळीतच राहतात, उडत नाहीत. माझ्या चष्म्यावर जे आलं ते खोळीत राहिलं असतं. यात एक तोटा आहे तो सांगतो, खोळीमुळे नळीवरच्या चिरा दिसत नाहीत, म्हणून एका बाजूचं टोक स्टीलच्या हुकात ठेवा म्हणजे दर आठवड्याला काढून नळी बोटावर वाकवून बघता येते. वाकवल्यावर बारीक भेगा उघडतात, सरळ असताना दिसत नाहीत.

घोट्याचा पट्टा दोन इंच रुंद, आत मऊ फोम. पावलाच्या कमानीत अडकवायचा फास टाळा, तो बोटांकडून निसटला की नळी थेट तोंडाकडे येते. वेल्क्रो लावा पण एकट्या वेल्क्रोवर भिस्त नको, त्यात दोरे-केस अडकून पकड जाते, म्हणून पट्टा कडीतून घालून उलट फिरवून मग वेल्क्रो. ज्यांना डायबेटिस आहे, पायाची जाणीव कमी आहे, त्यांच्या कातडीवर व्यायामानंतर लाल वण राहतो का हे दुसऱ्या कोणीतरी बघायचं. हाताची पकड कमजोर असेल, सांधे सुजलेले असतील, लकवा होऊन गेला असेल तर हँडल देऊच नका, मनगटाला असाच गादीचा पट्टा द्या.

आणि तेल! आपल्याकडे ऑपरेशनचा पाय म्हटला की आई सकाळ-संध्याकाळ तेल चोळणारच. तेलाने लेटेक्स फुगतं, चिकट होतं आणि कमकुवत होतं. आमची पहिली खोळ उघडली तेव्हा घोट्याकडचं टोक बोटाला चिकटत होतं आणि नारळाच्या तेलाचा वास येत होता. तेव्हापासून नियम केला, आधी व्यायाम, मग पाय पुसून तेल, आणि तेलाच्या हाताने नळीला हात नाही. धुवायची तर साध्या पाण्याने, सावलीत वाळवून. ऊन रबराचा शत्रू आहे, गच्चीवर दोरीवर टाकायची नाही.

पायरी ६: माणसाला द्यायच्या आधी स्वतः तोडा

माझा जास्तीत जास्त ओढा ३ किलो. पट्टे, कड्या, शिवण, खोळ, सगळ्याला मी २० लिटरचा भरलेला पाण्याचा कॅन रात्रभर लटकवला, म्हणजे सहापटीहून जास्त. सकाळी शिवणीचा एक दोरा जरी सैल दिसला तर ती शिवण बाद. खोळीवर लटकवताना नळी आत ठेवू नका, नुसती खोळ तपासा.

मग खोळीसकट नळी नेहमीइतकी ताणून बांधली, मध्ये प्लायचा तुकडा उभा केला, गॉगल लावला, आणि काठीला ब्लेड बांधून खोळीच्या चुणीतून नळी मुद्दाम कापली. फट्ट आवाज आला आणि खोळ जागच्या जागी लोंबली. हा आवाज ऐकल्याशिवाय मी ते साधन बाबांना दिलं नसतं, तुम्हीही देऊ नका. एक नळी वाया जाते, जाऊ दे.

टिकाऊपणासाठी हिशोब सोपा आहे. दहाचे तीन सेट, दिवसातून दोनदा, म्हणजे ६० ओढी, महिन्याला १८००. मी दोन आठवडे रोज टीव्हीसमोर बसून दुसऱ्या नळीला दोन हजार ओढी दिल्या आणि दर पाचशेला काट्यावर मोजलं. तुमच्याकडे वेळ असेल तर वायपरची जुनी मोटर लावून यंत्र करता येतं. आकडा पहिल्यापेक्षा दहा टक्क्यांनी उतरला की माझ्याकडे नळी बदलायची, ही माझी रेघ आहे, तुम्ही याहून कडक ठेवू शकता.

ज्यांना इलेक्ट्रॉनिक्स येतं ते ५० किलोचा लोडसेल (भार मोजणारा सेन्सर), त्याचं माप वाचणारा एचएक्स७११ बोर्ड आणि आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) लावून ओढीचा आलेख मोबाईलवर घेऊ शकतात. छान दिसतो, शिकायलाही मिळतं, पण पेशंटच्या साधनात आधी काटा आणि वही. बॅटरी संपली म्हणून बाबांचा व्यायाम बुडायला नको.

पायरी ७: हातात देताना

पहिल्या दिवशी फिजिओसमोर. आमच्या मॅडमनी खोळ उलटीपालटी केली, स्वतःच्या घोट्याला लावून दहा वेळा ओढली, मग हो म्हणाल्या. एक बदल सांगितला, पट्ट्याची सोडायची जीभ लाल कापडाची करा, बाबांना चष्म्याशिवाय दिसेल अशी. किती साधं, आणि मला सुचलं नव्हतं.

भार किती हे शून्य ते दहाच्या मापाने विचारायचं, शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे याच्यापुढे शक्यच नाही. बाबांना चार-पाचच्या आसपास ठेवायला सांगितलं होतं. सरळ करताना दोन आकडे, परत आणताना तीन आकडे, मोठ्याने मोजायचे. मोठ्याने मोजलं की श्वास आपोआप चालू राहतो, श्वास कोंडून जोर लावला की बीपी झपकन वाढतं. परत येताना नळीने पाय खेचून न्यायचा नाही, पायाने नळीला हळूहळू सोडायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा आदल्या दिवसापेक्षा सुजलेला असेल तर हलकी नळी आणि फिजिओला फोन.

वहीत रोज एक ओळ: तारीख, कुठली नळी, किती वेळा, कसं वाटलं. खोळीवर मार्करने मराठीत मोठ्या अक्षरात लिहा: "मध्यम, २ किलो, गाठ मारू नये, तेल लावू नये" आणि नळी बसवल्याची तारीख.

विकायचा विचार असेल तर

स्वतःच्या घरात एक करणं वेगळं. विकायचं म्हटलं आणि त्यावर "गुडघ्याच्या ऑपरेशननंतर उपयुक्त" असं लिहिलं की ते नुसतं खेळाचं सामान राहत नाही, ते वैद्यकीय उपकरण म्हणून बघितलं जाऊ शकतं. भारतात वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ चे आहेत आणि १ एप्रिल २०२० पासून सगळीच वैद्यकीय उपकरणं कायद्याखाली आली, धोक्याप्रमाणे ए ते डी असे वर्ग आहेत. आपलं साधन कुठल्या वर्गात बसतं हे केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेच्या याद्यांत बघा आणि पहिला नग विकायच्या आधी जाणकाराला विचारा. धोक्यांचा विचार कसा लिहून ठेवायचा यासाठी आयएसओ १४९७१ हे वैद्यकीय उपकरणांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. नाव जड आहे, पण आतली रीत ओळखीची वाटेल: काय बिघडू शकतं, बिघडलं तर कोणाला काय होईल, त्यावर मी काय केलं, आणि केल्यावर धोका किती उरला. मी साध्या चार रकान्यांच्या कागदाने सुरुवात केली, त्यात पहिली ओळ खिडकीच्या गजाची होती. दुसरी तेलाची. तिसरी आईने भरली, "नात नळीने खेळते", म्हणून आता साधन व्यायाम झाला की कपाटात वरच्या कप्प्यात जातं, कडी लावून.